‘सगळं एकाच गाडीत जातं’ या मेसेजला शेडमधून उत्तर

मुलीच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी तोच माझ्या भावजयीने पाठवला, मग बचतगटाच्या ग्रुपवरही फिरला. मजकूर थोडक्यात असा: ओला-सुका कचरा वेगळा करण्यात वेळ घालवू नका, खाली गाडीत सगळं एक होतं. ९१ टक्के प्लास्टिक कधीच रिसायकल होत नाही. मुंबईचा कचरा शेवटी देवनारच्या डम्पिंगलाच जातो. नोकरी करून मुलं सांभाळणाऱ्यांना एवढी सवड नसते. आणि शेवटी, ‘ज्या बिचाऱ्यांना आयुष्यभर दुसऱ्यांच्या घाणीत हात घालावा लागतो, त्यांच्या घरात आनंद तो कसला? कचरा वेगळा करून आपण त्यांना त्यातच अडकवून ठेवतो.’

त्या बिचाऱ्यांपैकी मी एक. गोवंडीत राहते. सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं छटाईचं काम करते, गेली तीन वर्षं काट्यावरची वहीही माझ्याकडे आहे. दोन मुलं आहेत, थोरला दहावीत, धाकटी चौथीत. ग्रुपवर एवढं लांबलचक लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी गाडीचं बोलू. सगळं एक होताना लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्यांना खोटं कसं म्हणू? अशा इमारती आहेत. वरच्या घरांनी दोन डबे ठेवलेले असतात आणि खाली एकाच पिंपात ओततात. तिथे भांडायलाच हवं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि वॉर्डातही. पण पालिकेची सुक्याची वेगळी गाडी आहे, वर्गीकरणाच्या शेड आहेत, आणि आमच्या दारात रोज सकाळी जी गाडी लागते तिच्यात भाजीची देठं नसतात. शिवाय लोकांना वाटतं की कचऱ्याला पहिला हात गाडीचा लागतो. तसं नसतं. तुमच्या मजल्यावरून पिशवी उचलणारा सफाईवाला दादा जिन्यातच पुठ्ठा, बाटली, पत्र्याचा डबा बाजूला काढतो. त्याचा महिन्याचा वरखर्च त्यातून सुटतो. तुम्ही डाळीचं उरलेलं पाणी त्याच पिशवीत ओतलंत, तर नुकसान तिथेच होतं, गाडी यायच्या कितीतरी आधी.

भिजलेला पुठ्ठा हातात धरून बघा. कडेला दाबला की बोट आत जातं, थर सुटतात, दोन दिवसांत काळी बुरशी धरते. गिरणीवाला पाण्याचं वजन कापतो आणि फार ओला असेल तर गठ्ठाच परत पाठवतो. आमच्याकडचा पुठ्ठा बहुतेक वापीकडच्या कागद गिरण्यांना जातो. तिथे त्याचा लगदा होऊन पुन्हा तपकिरी कागद बनतो आणि त्याचेच खोके होतात. कोरडा पुठ्ठा हा प्रवास करतो. आमटी लागलेला कचऱ्यातून कचऱ्यातच जातो. तो कोरडा राहणार की नाही, हे तुमच्या ओट्याशी ठरतं.

९१ टक्क्यांचा आकडा हवेतला नाही. २०१७ साली जगभरच्या प्लास्टिकचा हिशोब मांडणारा एक मोठा अभ्यास झाला. १९५० पासून २०१५ पर्यंत जेवढा प्लास्टिकचा कचरा झाला, त्यातला सुमारे ९ टक्के पुन्हा वापरात आला, १२ टक्के जाळला गेला, बाकीचा जमिनीत नाहीतर उघड्यावर गेला. आकडा खरा आहे आणि वाईटही आहे. पण तो साऱ्या जगाचा, सगळ्या जातींच्या प्लास्टिकचा, ६५ वर्षांचा आहे. त्यावरून तुमच्या हातातली पाण्याची बाटली वाया जाणार असं म्हणता येत नाही. जिला भाव आहे ती बाटली मुंबईच्या रस्त्यावर फार वेळ पडून राहत नाही, कोणीतरी उचलतंच. धारावीतल्या तेरा कंपाउंडमध्ये कधी गेलात तर दिसेल: प्लास्टिक जातीनुसार आणि रंगानुसार वेगळं करतात, दळतात, धुतात, छपरांवर वाळवतात, वितळवून त्याचा दाणा काढतात. त्या दाण्यातून बादल्या, मग, खुर्च्या पुन्हा उभ्या राहतात. पाण्याच्या बाटलीचा धागा होतो. २०१५ च्या विश्वचषकात आपल्या क्रिकेट संघाने घातलेली जर्सी अशाच बाटल्यांच्या धाग्याची होती. थोरल्याला हे कळलं तेव्हा त्याने मित्रांना घरी बोलावून मला पुन्हा सगळं सांगायला लावलं होतं.

धाकटीला जर्सीचं काही नाही, तिला बादली आवडते. तिला एकदा सांगितलं होतं की बाटली एका प्लास्टिकची आणि तिचं झाकण दुसऱ्याच प्लास्टिकचं असतं. तिला पटेना. मग आम्ही बाटलीचे कात्रीने तुकडे केले आणि झाकणासकट पाण्यात टाकले. तुकडे नीट बुडवले तसे गिरक्या घेत तळाला गेले, झाकण वर तरंगत राहिलं. तिने ते दहादा खाली दाबलं, दहादा वर आलं. मग घरातलं जे सापडेल ते बादलीत: दुधाच्या पिशवीचा तुकडा तरंगला, श्रीखंडाच्या डब्याचं झाकण तरंगलं, नळाच्या जुन्या पाइपचा तुकडा बुडाला. धागा काढणाऱ्या कारखान्यांतही मोठ्या हौदात हेच करतात, असं सांगितल्यावर तिने विचारलं, ‘मग ते पण माझ्यासारखंच खेळतात?’ त्या रात्री भांडी उशिरा घासली गेली. रविवारचा असा तास मला हजार रुपयांनी मिळणार नाही.

मेसेज एका ठिकाणी बरोबर आहे, तेही सांगते. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं आमच्याकडेही जड जातात. त्यात प्लास्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटत नाहीत. जी पाकिटं पुढे जातात ती सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून. थर्माकोलचीही तीच गत, गोणीभर भरला तरी काट्यावर वजन लागत नाही. या वस्तू कमी विकत घेणं हाच उपाय आहे. पण त्यांच्यामुळे बाटली आणि पुठ्ठाही फेकून द्या म्हणणं म्हणजे एक आंबा सडका निघाला म्हणून सगळी पेटी गटारात ओतणं.

देवनारलाच सगळं जातं, हे तर आज खरंच नाही. शहरातून रोज निघणाऱ्या सहा-सात हजार टनांतला मोठा वाटा आता कांजूरमार्गला जातो. मुलुंडचं डम्पिंग २०१८ साली बंद झालं. देवनार मात्र १९२७ पासून आहे आणि त्याच्या सावलीत मी वाढले. २०१६ च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा थोरला पाच वर्षांचा होता. धूर घरात यायचा, ओला फडका दाराच्या फटीत लावून बसलो होतो, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. रात्रभर त्याची पाठ चोळली होती, ती खोकल्याची ढास अजून कानात आहे. ओला कचरा डम्पिंगच्या डोंगराखाली हवेशिवाय कुजला की मिथेन वायू सुटतो आणि तो पेट घेतो. म्हणजे ओला वेगळा काढून त्याचं खत केलं, तर त्याचा फायदा माझ्या मुलाच्या छातीपर्यंत पोचतो. ‘काही फरक पडत नाही’ हे वाक्य माझ्या वस्तीत येऊन कोणी म्हणू नये.

सवडीबद्दल फार लिहीत नाही. पहाटे पाणी येतं तेव्हा मी उठते, जेवणाचे दोन डबे भरते, आठला शेडवर असते. माझ्या घरी ओट्याखाली डबा आणि दाराला अडकवलेली गोणी आहे. हात इकडे जायचा तो तिकडे जातो, एवढंच. दुधाची पिशवी भांडी विसळलेल्या पाण्यात एकदा बुडवून नळावर उलटी लटकवायची. आणि कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लटकता ठेवायचा. तो सुटा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, थेट नाल्यात जातो.

आता शेवटचं, ज्याने मला लिहायला बसवलं. आनंद तो कसला?

कष्ट आहेत. चार वर्षांपूर्वी एका पिशवीतली सुई हातमोज्यातून आत गेली. नंतरचे कित्येक दिवस तपासण्यांच्या रांगेत आणि धास्तीत गेले, रात्री मुलांना जवळ घ्यायचीसुद्धा भीती वाटायची. डायपर आणि पॅड अजूनही उघडे येतात. माझी आई ७२ च्या दुष्काळात जालन्याकडून लहानपणी इथे आली आणि तिने जन्मभर डम्पिंगवर वेचलं, पायात धड चप्पल नसायची. आता आमच्या डोक्यावर छप्पर आहे, काटा आहे, वही आहे. स्त्री मुक्ती संघटनेसारख्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून कचरा वेचणाऱ्या बायकांना संघटित केलं, त्यांच्या हाती ओळखपत्रं आली. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरा वेचकांचा उल्लेख आला. आईच्या डम्पिंगवरून मी शेडपर्यंत आले ती यामुळे, आणि घरोघरी वेगळ्या झालेल्या पिशवीमुळे. ती पिशवी बंद केलीत तर मी दुसऱ्या कामाला लागणार नाही, परत डोंगरावर जाईन. ‘अडकवून ठेवतो’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

आणि आनंद आहे, भरपूर आहे. मला पिशव्यांवरून घरं ओळखता येतात. एका घरातून दर दोन दिवसांनी धुतलेल्या दुधाच्या पिशव्या येतात, चौकोनी घड्या घातलेल्या, वर रबर लावलेलं. त्या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही. ती पिशवी उघडली की पाच जणी एकदम ‘आली!’ म्हणतात आणि ती सोडवायचा मान त्या दिवशी ज्या मैत्रिणीचं काही बिनसलं असेल तिला मिळतो. दुसऱ्या एका घरात गेल्या वर्षी बाळ झालं, ते आम्हाला दूध पावडरच्या डब्यांवरून कळलं. आमचं पंचांगही याच ढिगात असतं. गणपतीत मखराचे पुठ्ठे, दिवाळीआधी रद्दीचे भारे, नंतर मिठाईचे खोके. जून लागला की ताडपत्र्या ओढायची धावपळ. सकाळी अकराच्या कटिंग चहाला आम्ही कोरड्या कागदाच्या गठ्ठ्यांवर बसतो. त्या गठ्ठ्यांना शाळेच्या पहिल्या दिवसाचा वास येतो.

परीक्षा संपल्या की वह्या येतात. किती जणांच्या मागची वीस-पंचवीस पानं कोरी असतात. मी त्या निवडून काट्यावर ठेवते, वहीत लिहून किलोच्या भावाने पैसे भरते आणि घरी नेते. रात्री जेवणं झाली की कोरी पानं फाडून, दाभणाने शिवून, जुन्या कॅलेंडरची कव्हरं घालते. थोरल्याने दहावीच्या बीजगणिताचा सगळा सराव त्यातच केलाय. धाकटी प्रत्येक नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालते आणि खाली लिहिते, ‘आईने बनवली.’

हे सगळं थोडक्यात ग्रुपवर टाकलं. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग धाकटीच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईने विचारलं, ‘ताई, तेलाची बाटली साबणाने धुवायची का?’

नको, पाणी कशाला वाया घालवता. रात्रभर वाटीवर उलटी ठेवा, उरलेलं तेल निथळू दे, सकाळी झाकण घट्ट लावून द्या. पॅड कागदात गुंडाळून वर लाल पेनने ठिपका काढा. फुटलेली काच जुन्या खोक्यात, बाहेर मोठ्या अक्षरात ‘काच’. सुई असेल तर जाड डब्यात बंद करून, कधीच सुटी नाही.