40 थेंबांचा हिशेब

महिन्याभरात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपवरनं आला: तालमीतल्या जुन्या पोरांचा, भिशीचा आणि चक्क भावकीचा. मजकूर असा, की 40 थेंब रक्ताचा 1 थेंब धातू, म्हणजे वीर्य, होतो. तरुणपणी तो हातानं घालवला की लिंगाची नस ढिली पडते. बायकांना असला त्रास नसतोच. आणि ताकदीच्या इंग्रजी गोळीनं हृदय बंद पडतं, सबब आमचं चूर्ण घ्या. खाली मोबाइल नंबर. कोल्हापुरात शाहूपुरीत माझं मेडिकल आहे. हे फॉरवर्ड वाचून आलेली माणसं माझ्याच काउंटरवर उभी राहतात, म्हणून लिहितोय.

आधी रक्ताचा हिशेबच करू. एका वेळचं वीर्य 3 मिली धरा, म्हणजे साठेक थेंब. चाळीसनं गुणलं की 2400 थेंब, जवळजवळ 120 मिली रक्त. तीन वेळा झालं की रक्तदानाची 350 मिलीची पिशवी भरली! नवा नवरा पहिल्याच महिन्यात पांढराफटक पडायला हवा. वीर्यातला बहुतेक द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींतून येतो, शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा, आणि तेही रोज नव्यानं बनत असतात. 'धातू जातोय' या धास्तीनं खंगणाऱ्या पोरांच्या आजाराला 'धात सिंड्रोम' हे नाव डॉ. नरेंद्र विग यांनी 1960 मध्ये दिलं. वस्ताद लंगोट घट्ट ठेवायला सांगतात ती मेहनतीची शिस्त. गंगावेशीतल्या दूधकट्ट्याइतकीच तीही मला प्यारी आहे, पण तिचं शरीरशास्त्र करू नका.

आता नस. हस्तमैथुनानं ती ढिली होत नाही. खरा घोळ बहुतेकदा रक्तवाहिनीत असतो. लिंगाच्या धमन्या जेमतेम 1 ते 2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3 ते 4. मधुमेह, रक्तदाब, तंबाखूनं धमन्या आतून खराब व्हायला लागल्या की बारीक नळी आधी तक्रार करते. म्हणजे ताठरता कमी होणं ही कधीकधी हृदयाची आगाऊ चिठ्ठी असते. झोपेतनं उठताना ताठरता नेहमीसारखी येत असेल आणि बायकोजवळच अडत असेल, तर कारण बहुधा मनातलं: ताण, भीती, भांडण. शीघ्रपतन हा आणखी निराळा प्रकार. त्याला थांबून-थांबून करायचा सराव आहे, औषधंही आहेत.

गोळीचं म्हणाल तर त्यात अर्धं खरं आहे. परवा पन्नाशीतले एक काका दुकान रिकामं होईपर्यंत खोकल्याच्या बाटल्यांवरची लेबलं वाचत उभे होते. मग हळूच, "मालक, ती ताकदीची गोळी द्या की." चिठ्ठी नव्हती. छातीचं काही औषध चालू आहे का विचारलं, तर वरच्या खिशातनं जिभेखाली धरायची गोळी काढून दाखवली. ही नायट्रेट आणि ताकदीच्या गोळीतलं सिल्डेनाफिल एकत्र गेली तर रक्तदाब धाडकन कोसळतो, जिवावर बेतू शकतं. दिली नाही, डॉक्टरांकडं पाठवलं. आणि त्या चूर्णाचं काय? 'आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या अशा मालात चोरून मिसळलेलं सिल्डेनाफिल तपासण्यांत वारंवार सापडलंय. पाकिटावर ते लिहिलेलं नसतं, मग काका कुणाला विचारणार? शिवाय असल्या औषधांची जाहिरात करायलाच 1954 च्या कायद्यानं बंदी आहे.

सगळ्यात संताप येतो तो 'बायकांना त्रास नसतोच' याचा. पाळी थांबलेल्या एक ताई दर पंधरवड्याला खाजेचं मलम न्यायच्या. चौथ्यांदा आल्या तेव्हा आमच्या हिनं आत बसवून विचारलं. खाज नव्हतीच. कोरडेपणामुळं संबंध येताना आग व्हायची, आणि नवरा म्हणायचा, तुझं मनच नाही. याला वंगण जेल आहे, डॉक्टरांनी तपासून दिलेलं इस्ट्रोजेनचं क्रीम आहे. काहींचे योनीचे स्नायू भीतीनं आपोआप आवळतात. नवी नवरी 'नको' म्हणते त्यामागं हेही असू शकतं, आणि ते व्यायामानं, समुपदेशनानं बरं होतं. इच्छाच मेली असेल तर थायरॉइड, बाळंतपणानंतरचा थकवा किंवा नैराश्याची गोळीही कारण असते, मात्र ती गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. त्या ताई जेल घेऊन गेल्या. जाताना विचारलं, "ह्यांना काय सांगू?" आमची ही म्हणाली, "त्यांनाच घेऊन या एकदा, मी सांगते."