झूमवर चळवळ शिकवता येते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तिथल्या तिथे चार ओळींत उत्तर द्यावंसं वाटेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मोबाईलवर व्हिडिओ, पोस्टर, ऑडिओ करून गावचा प्रश्न कसा मांडायचा, याचा विनाशुल्क आणि सगळ्यांना खुला वर्ग आम्ही दर रविवारी घेतो. त्यावर सर लिहितात, "चळवळ रस्त्यावर शिकतात, झूमवर नाही. फुकट म्हणून शंभर येतात, दहा टिकतात. तुम्ही कार्यकर्ते नाही, रीलवाले घडवताय. आणि सगळं उघड्यावर मांडून एखाद्या पोराला अडचणीत आणाल."

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं खरं आहे. पहिल्या तुकडीत आम्ही गृहपाठसुद्धा सगळ्यांना दिसेल असा ठेवायचो. एका मुलाने वाळूउपशाचा व्हिडिओ टाकला आणि संध्याकाळी त्याच्या घरी माणसं येऊन बसली. पुढे काही झालं नाही, पण त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तेव्हापासून धडे खुले आणि गृहपाठ फक्त तुकडीपुरता. १९९१ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला केलेली मारहाण एका रहिवाशाने आपल्या बाल्कनीतून टिपली, आणि पुढच्याच वर्षी व्हिडिओतून मानवी हक्कांचं काम करणारी 'विटनेस' ही संस्था उभी राहिली. तिच्या मार्गदर्शिका कुणालाही मोफत वाचता येतात. चेहरा केव्हा दाखवू नये, परवानगी कशी घ्यावी, हे त्यांत आहे. वर्ग सुरू करण्याआधी ते मी नीट वाचायला हवं होतं. चूक माझी होती.

पण 'रीलवाले' हा शब्द मला लागला, सर.

एका मुलीने रेशन दुकानातला व्हिडिओ केला होता. आजीचा अंगठा ई-पॉस मशीन (आधारशी ठसा जुळवून पाहणारं यंत्र) घेत नाही, धान्य न घेताच ती परत जाते. पहिल्या व्हिडिओत करुण संगीत, स्लो मोशन आणि आजीचे डबडबलेले डोळे होते. वर्गातल्या डोंबिवलीच्या एका ताईंनी दोनच प्रश्न विचारले. "आजींना विचारलंस का? आणि मशीनचा आवाज कुठे गेला?" पुढच्या महिन्यात तिने आजीला विचारून पुन्हा चित्रित केलं. संगीत नाही, चेहरा नाही, एकही कट नाही. नुसता अंगठा आणि मशीन. आजी अंगठा पदराला पुसते, ठेवते, मशीन टूं करतं. पुन्हा पुसते. पाचव्या खेपेला दुसऱ्या हाताने तो अंगठा काचेवर दाबून धरते. आणि शेवटी पडद्यावर एक ओळ येते: आधार जुळत नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नये, असं केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे.

तो व्हिडिओ आजवर कुठेही अपलोड झालेला नाही. तिने तो आधी दुकानदारालाच दाखवला. त्याने वहीत नोंद केली आणि त्याच दिवशी धान्य मापून दिलं. ही मुलगी रेशनच्या रांगेतच उभी होती, सर. रस्त्यावरचं शिकणं तिचं तिनेच केलं. आमचा रविवार फक्त तिच्यासोबत बसून तो व्हिडिओ पुन्हा पाहण्यापुरता होता. वर्ग खुला नसता तर डोंबिवलीच्या ताई तिला भेटल्याच नसत्या.

वर्ग खुला ठेवण्यामागे फी माफ करण्याइतकाच विचार नाही. इंग्लंडमध्ये कव्हेंट्री विद्यापीठात जोनाथन वर्थ यांनी छायाचित्रणाचा पदवीचा वर्ग इंटरनेटवर उघडा केला, तेव्हा खोलीत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या कामावर बाहेरची माणसं बोलू लागली. अमेरिकेतल्या 'डीएस१०६' या डिजिटल कथाकथनाच्या वर्गात शिकणारेच नवे गृहपाठ सुचवतात आणि ते सगळ्यांसाठी जमा होत राहतात. हे मला फार पटलं. आमच्याकडचा 'एकच वस्तू, एकच मिनिट' हा स्वाध्याय एका विद्यार्थ्यानेच सुचवलेला आहे.

आता गळतीबद्दल. खुल्या वर्गांत ती मोठी असतेच, नाकारत नाही. मात्र कापणी आली म्हणून तिसऱ्या आठवड्यात थांबलेल्या माणसाला मी नापास म्हणणार नाही. रेकॉर्डिंग आहे, तो दिवाळीनंतर येतो. मला खरी काळजी आहे ती डेटा संपला म्हणून गेलेल्यांची. त्यांच्यासाठी धडे आता कमी एमबीच्या ऑडिओतही देतो. तेवढ्याने पुरत नाही, हे मला दिसतं.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की ७२ च्या दुष्काळात तुम्ही रोजगार हमीच्या कामांवर भित्तिपत्रकं लावत होता. त्यावर दोनच ओळी लिहून का थांबलात? मजकूर कोण ठरवायचं, अक्षर किती मोठं काढायचात, फाडून टाकलं तर दुसऱ्या दिवशी काय करायचात? रविवारी सकाळी १० वाजता अर्धा तास आमच्या मुलांना हे सांगाल का? तुम्ही हो म्हणालात, तर त्या आठवड्याचा गृहपाठ कागदावरच ठेवते.