'मराठा' निघण्याआधीच गोळ्या सुटल्या होत्या

माझ्या बहिणीची मुलगी नववीत आहे. गेल्या आठवड्यात वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेले आचार्य अत्र्यांवरचे भाषण ती मला वाचून दाखवत होती. तिसऱ्या परिच्छेदात ती म्हणाली की मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अत्र्यांच्या 'मराठा' दैनिकातील चिथावणीखोर अग्रलेख वाचून लोक रस्त्यावर उतरले आणि त्यात एकशे पाच माणसांचे प्राण गेले. हे कुठून आणलेस, असे मी तिला विचारले, तेव्हा तिने आजोबांच्या फोनवर आलेला एक लांबलचक संदेश माझ्यापुढे धरला. दोनच दिवसांत तोच संदेश मला आणखी तीन ठिकाणांहून आला, आणि पाठवणाऱ्यांपैकी दोघे जण चांगले शिकलेसवरलेले आहेत.

त्या संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: अत्रे हे अर्धवट शिकलेले, नुसते हशे मिळवणारे वक्ते होते, चळवळ यशस्वी होणार असे दिसताच त्यांनी पैशासाठी 'मराठा' काढला, त्यांच्या लेखणीमुळे माणसे मेली, फुले-आंबेडकरांविषयी त्यांच्या मनात तिरस्कार होता, 'श्यामची आई' दुसऱ्याची, नाव मात्र यांचे झाले, आणि शेवटी, त्यांची भाषा शिवराळ होती.

हुतात्म्यांच्या मृत्यूचा आरोप या सगळ्यांत सर्वांत गंभीर आहे आणि सर्वांत खोटाही आहे, म्हणून तोच प्रथम घेते. 'मराठा' दैनिकाचा पहिला अंक १५ नोव्हेंबर १९५६ रोजी निघाला. फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला तो २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, म्हणजे त्याच्या जवळजवळ एक वर्ष आधी. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंडित नेहरूंनी १६ जानेवारी १९५६ रोजी जाहीर केला आणि त्यानंतरच्या काही दिवसांत मुंबईत जो गोळीबार झाला त्यात सर्वाधिक माणसे मारली गेली. तेव्हाही 'मराठा'च्या जन्माला दहा महिने अवकाश होता. जे वर्तमानपत्र अस्तित्वातच नव्हते त्याचे अग्रलेख वाचून गिरणगावातला कामगार रस्त्यावर उतरला, हे म्हणण्यापूर्वी संदेश लिहिणाऱ्याने पहिल्या अंकाची तारीख तरी पाहायला हवी होती.

कोणी म्हणेल की 'मराठा' नव्हता, पण अत्र्यांचे 'नवयुग' साप्ताहिक होते आणि त्यांच्या सभाही होत होत्या. ते खरे आहे आणि त्या सभांना गर्दी लोटत होती हेही खरे आहे. परंतु चळवळ एकट्या अत्र्यांची नव्हती. एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट, क्रांतिसिंह नाना पाटील, शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे असे एकमेकांशी एरवी न पटणारे लोक तिच्यात एकत्र आले होते. खुद्द केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडले आणि मुंबईतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली नाही याबद्दल संसदेत जाहीर नाराजी व्यक्त केली. देशमुखांसारखा संयमी, शब्द मोजून वापरणारा माणूस कोणाच्या अग्रलेखाने भडकला नव्हता. गोळीबार झाला तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते आणि पोलीस त्यांच्या सरकारच्या हुकुमाखाली होते. गोळी झाडणाऱ्याचा हुकूम बाजूला ठेवून लिहिणाऱ्याच्या हाताला रक्त लावणे ही इतिहासाची नुसती चूक नाही, तर त्या एकशे पाच जणांनाही तो अपमान आहे. कारण त्यातून असे सुचवले जाते की ती माणसे स्वतःच्या विचाराने आलीच नव्हती, कोणीतरी त्यांना हाकलत आणले होते.

याच आरोपाचा उलट पुरावाही उपलब्ध आहे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी नेहरू आले, तेव्हा चळवळ चालवणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीने काळी निशाणे घेऊन प्रचंड निदर्शने केली. त्या वेळी 'मराठा' रोज निघत होता आणि अत्र्यांची लेखणी अगदी भरात होती. ती निदर्शने शांततेत पार पडली. अत्र्यांची लेखणी हेच मृत्यूचे कारण असते, तर सर्वाधिक माणसे त्या दिवशी मरायला हवी होती.

पैशासाठी यशाच्या लाटेवर स्वार झाले, या म्हणण्याचाही निकाल तारखाच लावतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी आणि गुजराती भाषकांचे मिळून द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. मराठी राज्य मिळाले नव्हते, संसदेने निर्णय घेऊन टाकला होता आणि आता हे असेच राहणार, असे समजणारे लोक कमी नव्हते. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी अत्र्यांनी दैनिक सुरू केले. ज्याला लाटेवर स्वार व्हायचे असते तो पराभवानंतरच्या पंधरवड्यात, सरकारला उघड विरोध करणारे वर्तमानपत्र काढत नाही. पुढे १९५७ च्या निवडणुकीत समितीला मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात मोठे यश मिळाले, अत्रे स्वतः विधानसभेवर निवडून गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. हे यश नंतरचे आहे आणि ते मिळवण्यात त्या दैनिकाचा वाटा आहे. संदेशाने हा क्रम उलटा केला आहे.

फुले-आंबेडकरांचा तिरस्कार हा आरोप वाचून मला खरोखर वाईट वाटले, कारण तो वाचणारी तरुण मुले त्यावर विश्वास ठेवतील. 'महात्मा फुले' हा चित्रपट अत्र्यांनी काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. पुण्याच्या रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव देण्यासाठी नगरपालिकेत झटणारे अत्रेच होते. १३ एप्रिल १९४७ चा 'नवयुग'चा अंक त्यांनी बाबासाहेबांवरचा विशेषांक म्हणून काढला. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरला बाबासाहेबांच्या अंत्यविधीच्या वेळी त्या अफाट जनसागरासमोर श्रद्धांजलीचे भाषण अत्र्यांनी केले, आणि त्यानंतर, तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांचे वय असलेल्या 'मराठा'त त्यांनी बाबासाहेबांवर लेखमाला लिहिली. तिरस्कार करणारा माणूस हे करत नाही, यापेक्षा अधिक काही सांगण्याची गरज मला वाटत नाही.

शिक्षणाचा मुद्दा लवकर संपतो. अत्रे पदवीधर होते, लंडनला जाऊन त्यांनी अध्यापनाची पदविका मिळवली, पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते आणि त्यांच्या 'नवयुग वाचनमाले'वर कित्येक मराठी मुले वाचायला शिकली. 'श्यामची आई' हे पुस्तक साने गुरुजींचे आहे, हे अत्र्यांनी कधी लपवले नाही. चित्रपट त्यांचा आहे, आणि उत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले.

राहिला शिवराळपणा. इथे मला, मनाविरुद्ध का होईना, मान्य केले पाहिजे की संदेशात थोडे तथ्य आहे. 'झेंडूची फुले'मध्ये केशवकुमार या नावाने त्यांनी रविकिरण मंडळाच्या कवींचे जे विडंबन केले, ते आजही वाचताना त्यातील शब्दांवरची हुकमत थक्क करते; पण तीच हुकमत पुढे राजकारणात आणि कादंबरीकार ना. सी. फडक्यांशी झालेल्या वादात माणसांच्या रूपावर, खाजगी आयुष्यावर उतरली. काही वेळा ते वाचवत नाही. समोरच्याचे धोरण फाडून काढण्याचे सामर्थ्य असताना त्यांनी माणसाला दुखावण्यात ते खर्च केले, असे त्यांचे प्रशंसकही खाजगीत म्हणतात आणि मीही म्हणते. मात्र सत्तेवर बसलेल्या माणसाला हसण्याजोगा करून दाखवला की सामान्य माणसाची भीती कमी होते, हे त्यांना नेमके कळले होते. गोळीबारानंतरच्या मुंबईत, घरोघरी सुतक असताना, लोक शिवाजी पार्कच्या सभेला पुन्हा येऊन बसत होते आणि मोठ्याने हसत होते, याला नुसते हशे मिळवणे म्हणता येत नाही.

भाचीने भाषणातले ते वाक्य काढले आहे. आजोबांनी ज्या ज्या गटांत हा संदेश पुढे पाठवला होता, तिथे त्यांनी मी लिहून दिलेल्या चार तारखा काल रात्री पाठवल्या. आतापर्यंत एकाही गटातून उत्तर आलेले नाही.