कसा हारना ते सांग

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांब होणार आहे, ज्यांना जेवायला उशीर होतोय त्यांनी खुशाल पुढे जा.

पोरगा काल रात्री मोबाईलवर बुद्धिबळाचा डाव हरला. अॅपवर दिवसाला एका डावाचं विश्लेषण फुकट, ते पठ्ठ्याने सकाळीच वापरून टाकलेलं. आता बटण दाबलं की मेंबरशिपची जाहिरात. वर्षाचे भरा, सवलत आजच संपतेय. "पप्पा, कार्ड द्या ना, कुठे चुकलो तेच कळत नाही." अरे, चूक तुझी, हरलास तू, आणि ती कुठे झाली हे विचारायलाही पैसे?

मला नाना आठवले. भुसावळला रेल्वे क्वार्टरात आमच्या शेजारी राहायचे. यार्डातली ड्युटी संपली की कडुलिंबाखाली पट मांडायचे. मी नववीत. रोज हरायचो. हरलो की उठायची सोय नव्हती. "कसा हारना ते सांग!" म्हणजे अहिराणीत, कसा हरलास ते सांग. मग मोहरे एकेक चाल मागे घ्यायचे. मी म्हणायचो, तुमचा हत्ती आला ना. नाना गप्प. आणखी चार चाली मागे. माझा राजा शेवटच्या ओळीत, पुढे स्वतःचीच तीन प्यादी भिंतीसारखी उभी. हत्ती आला की जागच्या जागी मात. "राजाले खिडकी ठेव," म्हणजे राजाला पळायला एक घर मोकळं ठेव, एवढंच बोलायचे. पण ते बोलायच्या आधी माझ्याकडून वदवून घेण्यात अर्धा तास घालवायचे.

आता कुणीतरी म्हणेलच, सर्व्हर काय हवेवर चालतात का? नाही चालत, कबूल. ज्या गावात शिकवणारा नाही तिथल्या पोराला अॅपवरच्या शिकवणीच्या व्हिडिओंचा उपयोगही होत असेल. बरं, झालं समाधान?

पण मग लिचेस नावाचं बुद्धिबळाचं दुसरं संकेतस्थळ कसं चालतं? थिबो ड्युप्लेसी नावाच्या फ्रेंच माणसाने 2010 साली सुरू केलेलं. जाहिरात नाही, मेंबरशिप नाही. कोडी हवी तेवढी सोडवा, विश्लेषण फुकट, खर्च लोकांच्या देणग्यांवर. भल्याभल्या ग्रँडमास्टरांना हरवू शकणारं स्टॉकफिश इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, तोसुद्धा फुकटच आहे, कुणीही उतरवून घ्यावं. पोराला हे सांगितलं तर म्हणतो, "मित्र सगळे तिकडे आहेत." म्हणजे पैसे बुद्धिबळाचे नाहीत, कट्ट्याचे आहेत!

याच्या डोक्यात हे खूळ शिरलं ते जुलै 2025 मध्ये, नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली तेव्हा. मीच उड्या मारत दाखवलं होतं त्याला. तेव्हा बाप हौशी, आता बाप कंजूष. आणि खोटं कशाला बोलू, ज्या सिनेमाच्या अॅपचे पैसे मी दरवर्षी भरतो ते उघडून मला चार महिने झालेत.

खरं टोचलं ते वेगळंच. पोरगा कार्ड मागत होता तेव्हा मी कॉटवर पडून रील्स बघत होतो. त्याने आधी मला विचारलं होतं, "पप्पा, बघता का जरा?" मी म्हटलं, "अॅपला विचार." नाना रात्रपाळी करून आलेले असायचे हो! डोळे लाल. तरी शेजारच्या पोराला अर्धा तास.

मग उठलो. पट काढला. पैसे भरले नाहीत, आणि भरणारही नाही. डाव लिचेसवर टाकून उत्तर दोन सेकंदांत बघता आलं असतं, पण हट्टाने बघितलं नाही. त्याला म्हटलं, "कसा हारना ते सांग." तो हसला, त्याला अहिराणी ऐकून नेहमीच हसू येतं. एकेक चाल मागे घेत गेलो. मध्ये दोनदा आमचंच भांडण झालं, घोडा कुठे होता यावरून. पाऊण तास गेला. शेवटी त्याने राजापुढच्या प्याद्यांकडे बघितलं आणि कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. मी काही बोललो नाही.

आमच्या पटातलं एक प्यादं हरवलंय, त्या जागी शेंगदाणा ठेवला होता. डाव संपायच्या आत पोराने तो खाल्ला. जळगावात लाकडी मोहरे सुटे कुठे मिळतात, माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा.