करारनाम्यात मलब्याचंही कलम टाका

नागपुरात धरमपेठ, लक्ष्मीनगर, रामदासपेठ... जिकडे बघावं तिकडे जुने बंगले पाडून फ्लॅट स्कीम उभ्या होताहेत. बिल्डरशी करारनामा करताना आपण कार्पेट एरिया, पार्किंग, ताबा मिळेपर्यंतचं भाडं, सारं वकिलाकडून तपासून घेतो. आपल्याच घराचा मलबा कुठे जाणार, हे मात्र कोणी विचारत नाही. मला हे फार खटकतं.

सागवानी चौकटी, ग्रिल, सळ्या कबाडी आधीच उचलतात. चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या विटाही साबूत निघतात. सिमेंटच्या जोडाईत वीट फुटते, पण जोड सुटत नाही. उरतं काँक्रीट, प्लास्टर, टाइल्स. ते रात्री ट्रॅक्टर-ट्रॉलीत भरून रिकाम्या प्लॉटवर नाहीतर नाल्याच्या काठावर रिकामं होतं. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीकाठच्या घराघरांत पाणी शिरलं. त्या पुराची कारणं बरीच होती, पण पाणी वाहून नेणारे नालेच आपण बुजवत राहिलो तर पुढचं पाणी जाणार कुठून?

खरं तर याच काँक्रीटची गिट्टी होते. काँक्रीटमधल्या गिट्टी-वाळूच्या आयएस 383 या भारतीय मानकात 2016 पासून अशी गिट्टी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, एम25 पर्यंतच्या आरसीसीत, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये, 20 टक्के (‘एम’चा आकडा म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) आणि एम15 च्या खालच्या काँक्रीटमध्ये चक्क 100 टक्के वापरायला मुभा आहे. फक्त माल स्वच्छ हवा. पीओपीचं सिलिंग स्लॅबसोबतच जेसीबीने खाली आणलं, की त्यातलं सल्फेट गिट्टीत मिसळतं आणि पुढे नव्या काँक्रीटला आतून फोडतं. म्हणून आधी वायरिंग आणि पीओपी, मग टाइल्स, मग भिंती, शेवटी स्लॅब. दिवस थोडे जास्त लागतात, लागू द्या.

मलबा जागेवरच वेगळा करा, हे बांधकाम-पाडकाम कचऱ्याच्या 2016 च्या नियमांतही होतं. 2025 च्या नव्या नियमांत उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आली, म्हणजे मलब्याच्या पुनर्वापराची जबाबदारी बांधकाम करणाऱ्यावरच; पण ती 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांसाठी. आपल्या चार मजली स्कीमला ती लागू होत नाही.

तेव्हा हे आपणच लिहून घ्यायचं: पाडकाम याच क्रमाने, पीओपी वेगळं, मलबा महापालिकेने ठरवून दिलेल्या जागीच, आणि प्रत्येक खेपेची वजनपावती आपल्याकडे. पावत्या येईपर्यंत बिल्डरची काही रक्कम अनामत ठेवा. ज्यांचे करारनामे अजून व्हायचे आहेत, त्यांनी या आठवड्यातच वकिलाशी बोलून घ्या.