बर्गर पार्सल नेऊ नका, तिथेच बसून खा

काल संध्याकाळी आईला घेऊन कोपऱ्यावरच्या बर्गरच्या हॉटेलात गेले. सहा टेबलं, स्टीलचे ग्लास, गल्ल्यावर मालक स्वतः. आई ७१ वर्षांची आहे. याआधी तिनं एकदाच बर्गर खाल्ला होता, एका मॉलमध्ये, आणि ती आठवण मला अजून टोचते. ऑर्डर द्यायच्या माणसाएवढ्या उंच स्क्रीनसमोर ती उभी होती. बोट लागलं की पान भलतीकडेच जायचं, मागे रांग वाढत होती. "अगं, इथं विचारायला कुणी माणूस नाही का?" असं तिनं मला हळूच विचारलं. मग कागदात गुंडाळलेला तो एवढा मोठा बर्गर दोन्ही हातांत धरून बसली. कवळीमुळे तिला तेवढा घास घेताच येईना. अर्धा तसाच राहिला.

काल वेटर टेबलापाशी आला आणि आधी तिलाच विचारलं, "मावशी, तिखट चालतं ना? नाहीतर सॉस कमी लावायला सांगतो." थोड्या वेळानं बर्गर आला तो चार तुकडे करून, प्रत्येक तुकड्यात टूथपिक खोचून, सोबत काटा-चमचा. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. आईनं चारही तुकडे संपवले. "पाव मस्का लावून छान भाजलाय," म्हणाली.

आईचं बरोबर आहे, बर्गरची सगळी गंमत त्या भाजण्यात आहे. पावाची कापलेली बाजू मस्क्यावर खरपूस झाली की टोमॅटोचं पाणी आणि सॉस लगेच आत मुरत नाही. पण हे थोडाच वेळ टिकतं. गरम पॅटी डब्यात बंद केली की वाफ कोंडते, झाकणाला पाणी धरतं, तेच परत पावावर पडतं. फ्राइज तर घरी पोचेपर्यंत मऊ होतात. आणि मग आपण घरी सोफ्यावर बसून त्या हॉटेलला एक स्टार देतो! आचाऱ्यानं केलेला बर्गर आपण खाल्लेलाच नसतो. वर प्रत्येक ऑर्डरमागे ॲपचं कमिशन कापलं जातं ते वेगळंच. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

पुण्यात बसून बर्गर खायची सवय जुनी आहे. मॅकडोनाल्ड्स भारतात आलं १९९६ साली. कॅम्पातलं आपलं 'बर्गर किंग' त्याच्याही आधीपासूनचं, १९९२च्या सुमाराचं. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीनं भारतात पहिलं दुकान उघडलं २०१४ साली, पण नावावरून पुण्याच्या हॉटेलवर दावा लावला होता २०११ मध्येच. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयानं तो फेटाळला. डिसेंबरात उच्च न्यायालयानं नाव वापरायला अंतरिम मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या मनाईला स्थगिती दिली. एवढी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढताना रोजची चूल पेटती ठेवायची म्हणजे रोज येणारं गिऱ्हाईक लागतं. कॉलेजात असताना आम्ही चौघी पैसे काढून कॅम्पात जायचो, एका बर्गरवर दोघी. तासभर बसलो तरी कुणी उठवलं नाही.

"तिथं वेळ फार लागतो," असं माझी बहीण म्हणते. लागतो, मान्य आहे. काल आम्हाला वीसेक मिनिटं लागली. तेवढ्या वेळात आईनं मला तिच्या पहिल्या पगाराची गोष्ट सांगितली. त्यातून आजीसाठी तिनं चष्म्याची नवी फ्रेम घेतली होती. एवढ्या वर्षांत हे मला माहीतच नव्हतं. घरी टीव्ही चालू असतो, फोन असतात, पार्सल आलं की जो तो आपला डबा उघडतो.

निघताना मालकांशी बोलले. म्हणाले, "ताई, ऑर्डरी खूप येतात, पण टेबलं रिकामी असली की मन लागत नाही. खाणाऱ्याचा चेहराच दिसत नाही." शनिवार-रविवारी गर्दी असते, पण मधल्या वारी संध्याकाळी सातच्या आत गेलात तर जागा लगेच मिळते, आणि मालकांना गप्पा मारायलाही सवड असते.

आम्ही गुरुवारी परत जातोय. पनीरचा घ्यायचा, असं आईनं आत्ताच सांगून ठेवलंय.