"सगळे स्वस्त इअरफोन एकाच फॅक्टरीतले": फिरणाऱ्या रीलला उत्तर

एक रील सध्या सगळीकडे फिरतेय, आमच्या घरच्या ग्रुपवरच दोनदा आली. म्हणे हजाराच्या आतले सगळे इअरफोन एकाच चिनी फॅक्टरीतले, आत तोच वीस रुपयांचा ड्रायव्हर (म्हणजे आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर), वरचा लोगो तेवढा वेगळा, क्वालिटी चेक कुणी करतच नाही, म्हणून नीट आवाज हवा असेल तर सरळ पाच हजारांच्या पुढचं घ्या. मला याचा खरंच राग आलाय, कारण यातलं थोडं खरं आहे आणि तेवढ्या खऱ्यावर कॉलेजच्या पोरांना उगाच जास्त खर्चात पाडलं जातंय.

आधी ते एकाच फॅक्टरीचं. ग्वांगदोंग प्रांतात, शेन्झेन-डोंगग्वानच्या पट्ट्यात ड्रायव्हर बनवणारे पुष्कळ कारखाने आहेत, एक नाही. बरेच ब्रँड स्वतः ड्रायव्हर बनवत नाहीत, कॅटलॉगमधून निवडतात, हे मात्र खरं. आणि आपल्याकडे 'मेड इन इंडिया' लिहिलेल्यांचंही बरंचसं काम जोडणीचं असतं, एप्रिल २०२५ मधे चीनने काही रेअर अर्थवर (मॅग्नेटमधे लागणाऱ्या खास धातूंवर) निर्यातीचे निर्बंध घातले तेव्हा इथल्या कंपन्यांना मॅग्नेटचीच अडचण झाली होती.

पण म्हणून आतला माल एकच? ड्रायव्हरचं '१० एमएम' हे नुसतं माप झालं. आतला थरथरणारा पडदा पीईटीचा आहे की एलसीपीचा (हे प्लास्टिकचे दोन प्रकार), कॉइलची तार तांब्याची आहे की तांब्याचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमची, मॅग्नेट किती ताकदीचा, हे सगळं वेगळं असू शकतं. आणि समजा अगदी तोच ड्रायव्हर दोन ब्रँडनी घेतला तरी आवाज सारखा येईलच असं नाही, कारण कवचाला हवेसाठी जे बारीक छिद्र असतं त्याचा आकार, नळीच्या तोंडावरची जाळी, मागे लावलेला डॅम्पिंगचा (पडद्याची थरथर आवरणारा) कागद, यावर बास आणि वरचे सूर ठरतात. वायरवाल्या इअरफोनच्या त्या छिद्रावर चिकटपट्टीचा तुकडा लावून गाणं ऐका, बास बदललेला कळतो, पाच मिनिटांचं काम आहे.

आता क्वालिटी चेकचं, आणि खरा मुद्दा इथेच आहे. ड्रायव्हरच्या स्पेक शीटवर (कारखान्याच्या माहितीपत्रकावर) बहुतेक वेळा सेन्सिटिव्हिटीपुढे, म्हणजे ठराविक सिग्नलला किती मोठा आवाज येतो त्यापुढे, ±३ डेसिबल लिहिलेलं असतं. म्हणजे एक नग ३ ने वर, दुसरा ३ ने खाली, दोन्ही पास, पण एका जोडीत बसले तर डाव्या-उजव्यात ६ डेसिबलचा फरक! गायकाचा आवाज मधोमध यायला हवा तो एका कानाकडे सरकतो. म्हणून चांगला कारखाना ड्रायव्हर मोजून सारखे-सारखे वेगळे काढतो आणि जोड्या लावतो, तयार इअरफोन कपलरवर, म्हणजे कानासारख्या मोजणीच्या साधनावर, परत मोजतो. यात वेळ जातो, काही माल बाजूला पडतो, म्हणजे पैसा लागतो, आणि स्वस्तात कात्री लागते ती बहुतेक इथे. मी घरच्यांसाठी एकाच मॉडेलचे तीन नग घेतले होते, दोन छान, तिसऱ्याचा डावा कान सरळ सरळ हलका. डिझाइन तेच, ड्रायव्हर तोच, जोडीच नीट लावलेली नव्हती. तेव्हा चेक होतच नाही असं नाही, तो कमी-जास्त होतो, आणि तोसुद्धा ब्रँडनुसारच नाही तर लॉटनुसारसुद्धा.

वायरलेसवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का असतो म्हणून निर्धास्त राहणारेही भेटतात, तो शिक्का सुरक्षेचा आहे, आवाजाचा नाही.

आणि महाग घेतलं की सुटलो? ऑडिओ संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मधे २८३ हेडफोन-इअरफोनचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे खालचे-वरचे सूर किती मोठे वाजतात ते, किमतीशी ताडून बघितला, काही संबंध सापडला नाही. जास्तीच्या पैशात तुम्हाला बरी केबल, बरा माइक, वॉरंटी मिळू शकते आणि ते घ्यायला माझी काहीच हरकत नाही, पण आवाज पाचपट चांगला मिळेल असं कुणी सांगत असेल तर मानू नका.

तुमचा नग कसा आहे ते रिटर्नची मुदत संपायच्या आत बघा. फोनच्या सेटिंगमधे मोनो ऑडिओ (दोन्ही कानात एकच आवाज) चालू करा, कुणाचं तरी नुसतं बोलणं लावा, आवाज डोक्याच्या मधोमध यायला हवा. बाजूला गेला तर आधी जाळीत मळ अडकलाय का आणि दोन्ही टिप (टोकाची मऊ टोपणं) कानात नीट बसल्यात का ते बघा, कारण टिप सैल असली तरी बास जातो आणि लोक ड्रायव्हरला दोष देतात. मग डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्यात घालून तेच ऐका. आवाज आता दुसऱ्या बाजूला गेला तर फरक इअरफोनमधे, त्याच बाजूला राहिला तर तो तुमच्या कानाचा किंवा बसण्याचा. घालताना कुरकुर असा आवाज येतो तो मात्र हवेच्या दाबाने पडदा हलल्याचा असतो, तेवढ्यासाठी परत करायची गरज नाही. डावा-उजवा फरक निघाला तर लगेच बदलून मागा, त्याच मॉडेलचा दुसरा नग चांगला निघायची बरीच शक्यता असते.